सोनेरी दरवाजा आधी की तट आधी?

इस्तंबूलच्या तटाचा विषय निघाला की सगळे थेट १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी शहर घेतलं त्यावर आणि त्यांच्या तोफांवर जातात. तो भाग माहितीच असतो, म्हणून इथे फक्त दक्षिण टोकाच्या सोनेरी दरवाज्याबद्दल, कारण खरा गुंता तिथंच आहे.

तटाची तारीख पक्की. ४१३ चा एक कायदा शिल्लक आहे, ज्यांच्या जमिनीवर नवे बुरूज उभे राहिले त्यांनी ते वापरावेत पण दुरुस्तीही त्यांनीच बघायची असं त्यात आहे, म्हणजे तेव्हा तट झालेला होता. गादीवर रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस, ११-१२ वर्षांचं पोर.

आता दरवाजा. त्यावर धातूची अक्षरं बसवलेली होती, ती कधीच गेली, उरली ती फक्त दगडातली भोकं, आणि त्या भोकांवरून लोकांनी लॅटिन मजकूर जुळवलाय! 'टिरॅनस' संपल्यावर थिओडोसियसने ही जागा सजवली, असा अर्थ. या शब्दाचं भाषांतर सरसकट 'जुलमी राजा' करतात ते चूक, तेव्हा त्याचा अर्थ हक्क नसताना गादी बळकावणारा. पण असे दोन होते ना, एक ३८८ मध्ये आजोबा थिओडोसियसने संपवला आणि दुसरा ४२५ मध्ये नातवाच्या सैन्याने, आणि आजोबा-नातू दोघांचं नाव थिओडोसियसच! आजोबाचा धरला तर दरवाजा तटाच्या आधीचा, नातवाचा धरला तर नंतरचा.

नातवाच्या बाजूचे म्हणतात की तटाच्या आधी इथे शहराच्या जुन्या वेशीबाहेर दीड-दोन किलोमीटरवर एकटा दरवाजा कोण बांधेल? मला हे अजिबात पटत नाही. विजयाची कमान रोमन लोक रस्त्यावर एकटीच उभी करायचे, आणि शेजारचा तट चुनखडी नि विटांच्या पट्ट्यांचा असताना हा अख्खा संगमरवरी, त्यात तीन मोठ्या कमानी. नुसत्या बचावासाठी बांधताना तटाला एवढं मोठं भगदाड कोणी ठेवत नाही, हे मिरवणुकीचंच बांधकाम वाटतं, म्हणजे आजोबाचं, तटाच्या आधीचं.

४४७ च्या भूकंपात ५७ बुरूज पडले, हूणांची धास्ती होती म्हणून ६० दिवसांत डागडुजी केली. पुढे बायझंटाईन (पूर्व रोमन) काळातच कमानी बांधकाम भरून लहान केल्या, १४५३ नंतर ऑटोमन सुलतानाने हा दरवाजा येदीकुले किल्ल्यात घेतला, तिथे खजिना नि कैदी ठेवायचे. १९८० नंतर तटाचे काही भाग नव्याने बांधले, त्यावर खूप टीका झाली, आणि १९९९ च्या भूकंपात त्या नव्या कामाचीच पडझड झाली.