जिम क्रो: आधी सोंग, मग कायदा

सप्टेंबर २०१९ मध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांचा एक जुना फोटो बाहेर आला. २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या एका शाळेत शिकवत असताना तिथल्या पार्टीत त्यांनी जादूच्या दिव्याच्या गोष्टीतल्या अल्लाउद्दिनचा वेष केला होता आणि चेहरा, हात गडद रंगवले होते. त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पार्टीतल्या रंगरंगोटीवरून एवढा गहजब कशाला, असं वाटत असेल तर अमेरिकेच्या रंगभूमीवर जवळजवळ दोनशे वर्षं मागे जायला हवं.

थॉमस डार्टमथ राइस हा न्यूयॉर्कचा गोरा नट. १८३० च्या सुमारास तोंडाला काळं लावून, फाटके कपडे घालून तो ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाचं सोंग आणू लागला. वेडंवाकडं नाचायचं, उड्या मारायच्या, मोडकंतोडकं गायचं. १८३२ मध्ये न्यूयॉर्कने त्याला डोक्यावर घेतलं, १८३६ मध्ये लंडनने. १८४३ च्या फेब्रुवारीत डॅन एमेट आणि त्याच्या तीन साथीदारांनी ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या नावाने अख्खा खेळच उभा केला. मग अशा ‘मिन्स्ट्रेल’ कंपन्यांचं, म्हणजे काळं तोंड करून नाचगाणी आणि नकला करणाऱ्या गोऱ्या नटांच्या संचांचं, पेव फुटलं.

खेळाआधी बाटल्यांची बुचं जाळून कुटायची, पूड पाण्यात कालवून चेहऱ्याला आणि मानेला फासायची. ओठांभोवतीची जागा कोरी ठेवायची किंवा लाल-पांढरी रंगवायची, म्हणजे तोंड अवाढव्य दिसतं. मंचावर खुर्च्या अर्धवर्तुळात. मधोमध शुद्ध, भारदस्त भाषा बोलणारा ‘इंटरलोक्युटर’. एका टोकाला खंजिरी वाजवणारा ‘टॅम्बो’, दुसऱ्या टोकाला हाडांच्या पट्ट्या वाजवणारा ‘बोन्स’. मधल्याने सरळ प्रश्न विचारायचा, टोकाच्यांनी त्याचा विचका करायचा. पुढच्या भागात एक जण अवघड शब्दांची वाट लावत भाषण ठोकायचा. काळा माणूस राजकारणावर बोलू लागला की कसा हास्यास्पद दिसतो, एवढंच त्यातून दाखवायचं. शेवटी मळ्यावरची नाटुकली, तिच्यात मालकाच्या प्रेमात आकंठ बुडालेले सुखी गुलाम. हे रंगत होतं तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत माणसं बाजारात विकली जात होती. १८६० च्या जनगणनेत या गुलामांची संख्या सुमारे ४० लाख भरली. खेळात वाजणारा बँजोदेखील मुळात आफ्रिकेतून आणलेल्या याच लोकांनी घडवलेला.

उत्तरेकडच्या शहरांतल्या किती तरी प्रेक्षकांनी मळा कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांच्यासाठी मंचावरचं सोंग हाच काळा माणूस होता, आणि या खेळांचं सर्वांत मोठं पाप मला इथेच दिसतं. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ मध्येच आपल्या ‘नॉर्थ स्टार’ या पत्रात या गोऱ्या नटांवर तोफ डागली होती: निसर्गाने स्वतःला न दिलेला रंग ते आमच्याकडून चोरतात आणि त्यावर पैसा करतात. खेळ मात्र चालूच राहिले.

जहाजांबरोबर ते जगभर पोचले. १८५४ मध्ये कमोडोर पेरी यांच्या अमेरिकी नौदल पथकातल्या खलाशांनी जपानी अधिकाऱ्यांच्या मनोरंजनासाठी हाच खेळ केला. १८६० च्या दशकात डेव्ह कार्सन सॅन फ्रान्सिस्को मिन्स्ट्रेल्सबरोबर हिंदुस्थानात आला. मुंबई-कलकत्त्यात खेळ करू लागला. त्याने हुशारीने इथला मसाला घातला आणि ‘बंगाली बाबू’ची टिंगल सुरू केली. नकलेची माणसं बदलली, नकलेचा साचा तोच. कलकत्त्याचे नट अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी मग ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’ काढून साहेबाचीच नक्कल केली.

इकडे अमेरिकेत, गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धानंतर काळ्या कलावंतांच्या कंपन्या निघाल्या. मंच मिळाला खरा, पण प्रेक्षकांना हवा होता तो साच्यातलाच माणूस. बर्ट विल्यम्स यांची कहाणी वाचताना आजही पोटात कालवतं. १८७४ मध्ये बहामात जन्मलेला हा असामान्य विनोदी नट वर्णाने उजळ होता, म्हणून मंचावर ‘काळा’ दिसण्यासाठी त्यालाही बुचाची काजळी फासावी लागे. जोडीदार जॉर्ज वॉकर यांच्यासह त्यांचं ‘इन दहोमी’ १९०३ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य नाट्यगृहांच्या भागात, आलं. काळ्या कलावंतांनीच लिहिलेली आणि केलेली पूर्ण लांबीची संगीतिका ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात लागण्याची ती पहिलीच वेळ. १९१० मध्ये ते ‘झीगफेल्ड फॉलीज’ या झगमगत्या नाचगाण्यांच्या कार्यक्रमात गोऱ्या नटांच्या बरोबरीने उभे राहिले, तरी काजळी सुटली नाही. १९२२ मध्ये डेट्रॉइटला खेळ चालू असतानाच ते कोसळले आणि आठवड्याभरात गेले. वय अवघं ४७.

दरम्यान राइसच्या सोंगाचं नाव कायद्यांना चिकटलं होतं. शाळा, आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ वेगळे ठेवणारे दक्षिणेतले कायदे ‘जिम क्रो’ म्हणूनच ओळखले गेले. १८९६ च्या प्लेसी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या विभागणीला मान्यता दिली. ती कायद्याने मोडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला.

मिन्स्ट्रेल कंपन्या विसाव्या शतकात ओसरल्या, कारण करमणूक सिनेमा-रेडिओकडे गेली. पण तिकडे जाताना तिने काजळीही बरोबर नेली. बोलपटांचं युग सुरू करणाऱ्या १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये अल जॉल्सन हा गोरा गायक-नट काळं तोंड करून गातो. १९२८ पासून ‘एमॉस अँड अँडी’ या लोकप्रिय रेडिओ मालिकेत दोन गोरे नट काळ्यांचे आवाज काढत होते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५८ मध्ये ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ सुरू केला. शनिवारच्या रात्री घराघरांत पाहिला जाणारा तो कुटुंबवत्सल कार्यक्रम होता. १९६७ मध्ये वंशभेदविरोधी मोहिमेने तो बंद करण्यासाठी अर्ज दिला. त्यानंतरही तो ११ वर्षं चालला.

आणि स्वयंपाकघरातही हा साचा होताच. १८८९ मध्ये एका मिन्स्ट्रेल गाण्यावरून नाव उचललेलं ‘आंट जमायमा’ हे पॅनकेकचं पीठ, डोक्याला रुमाल बांधलेल्या हसऱ्या काळ्या मोलकरणीच्या चित्रासह, पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकी फळ्यांवर राहिलं. २०२० मध्ये गोऱ्या पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनात कंपनीने ते नाव आणि चित्र मागे घेण्याची घोषणा केली. २०२१ मध्ये पुड्यावरचं नाव बदललं.