पडद्यावरच्या कल्पनेची मालकी : पार्श्वभूमी

पणजी किंवा पर्वरीतल्या एखाद्या विकासकाला आपल्या अ‍ॅपमधल्या नव्या मांडणीचे पेटंट हवे असेल, तर त्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. निव्वळ संगणक-प्रोग्राम, अल्गोरिदम आणि माहितीची निव्वळ मांडणी यांना आपला कायदा शोध मानत नाही, ही पहिली अडचण त्याला तेथेच येते.

पडद्यावरच्या मांडणीवरून अमेरिकेत झालेला मूळ वाद मात्र कॉपीराइटचा होता. विंडोजच्या दर्शनी रूपावरून अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टवर १९८८ साली भरलेला दावा १९९४ मध्ये अपिलातही टिकला नाही, आणि लोटस या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रोग्राममधल्या मेनूंना संरक्षण नाकारणारा निकाल १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मते ४-४ अशी समान पडल्याने कायम राहिला. कॉपीराइटचा मार्ग अरुंद झाल्यावर कंपन्या पेटंटकडे वळल्या, यात नवल नाही. १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले.

सर्वांत बोलका दाखला कुलूप उघडण्याच्या सरकपट्टीचा आहे. बोट पडद्यावरून आडवे फिरवून फोन उघडण्याची सोय निओनोड या स्वीडिश कंपनीच्या एन१ फोनमध्ये आयफोनच्या आधीच होती. अ‍ॅपलने भर घातली ती बोटाबरोबर सरकणाऱ्या चित्राची. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये हे पेटंट रद्द केले, तर अमेरिकेत त्याच कल्पनेचे पेटंट २०१६ मध्ये वैध ठरले. माझ्या मते जर्मन न्यायालयाचा निर्णय रास्त होता, कारण सरकणाऱ्या चित्राने वापरणाऱ्याचा अंदाज सुधारतो, यंत्राचे काम नव्हे.

भारतातही वाट सरळ नव्हती. २००४ च्या अखेरीस निघालेल्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोग असलेल्या वा हार्डवेअरशी जोडलेल्या प्रोग्रामांना दार उघडले होते. संसदेने २००५ च्या दुरुस्तीत ही तरतूद वगळली. त्याच वर्षी जुलैत युरोपीय संसदेनेही सॉफ्टवेअर-पेटंटांचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. पुढे फरीद अलानी प्रकरणात २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, तांत्रिक परिणाम दाखवता येत असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून अर्ज नाकारू नये, असे म्हटले.

दर्शनी रूपापुरता प्रश्न असेल, तर डिझाइन कायदा, २००० अधिक योग्य वाटतो. त्यात १० आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते, मात्र ते रूपाला मिळते, वापराच्या कल्पनेला नाही. पडद्यावरच्या मांडणीची अशी नोंदणी नाकारणारा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला आणि अर्ज फेरविचारासाठी परत पाठवला.