सूर्यघर योजना आणि घरातील बॅटरी: अनुदान कशाला मिळते, अर्ज कसा करावा, कागदपत्रे कोणती लागतात

छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्र सरकारचे अनुदान मिळते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याच संयंत्राला जोडलेल्या बॅटरीलाही ते मिळते का, या प्रश्नावर पुरवठादारांकडून इतकी वेगवेगळी उत्तरे ऐकायला मिळतात की, अर्ज भरण्यापूर्वीच ग्राहक गोंधळून जातो. वास्तविक उत्तर सरळ आहे. ‘पीएम सूर्यघर: मोफत वीज योजने’त अनुदानाची रक्कम सौर संयंत्राच्या क्षमतेवर ठरते आणि बॅटरीसाठी वेगळा एक रुपयाही मिळत नाही, मात्र बॅटरी बसवली म्हणून पॅनेलचे अनुदान नाकारलेही जात नाही. अट एवढीच की, संयंत्र वीज वितरण कंपनीच्या जाळ्याला जोडलेले असले पाहिजे. वीजजोडणीशी काहीही संबंध नसलेले, केवळ बॅटरीवर चालणारे ऑफ-ग्रिड संयंत्र या योजनेत बसत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेची एकूण तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची असून एक कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट आहे आणि तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये असे आहे. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. हे आकडे सरकारने धरलेल्या प्रमाण खर्चावरून आले आहेत. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रति किलोवॅट ५०,००० रुपये खर्च धरून त्याच्या ६० टक्के, आणि पुढच्या एका किलोवॅटसाठी ४५,००० रुपये धरून त्याच्या ४० टक्के, असा तो हिशेब आहे. या प्रमाण खर्चात बॅटरी धरलेलीच नाही, त्यामुळे ‘आमच्या बॅटरीवाल्या संचाला जास्त सबसिडी आहे’ असे कोणी सांगत असेल, तर तिथेच सावध व्हावे.

मग बॅटरीचा विचार करायचाच कशाला? साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे जाळ्याला जोडलेल्या पण बॅटरी नसलेल्या, संयंत्राची एक मर्यादा अनेकांना संयंत्र बसल्यानंतर, पहिल्यांदा लाइट गेल्यावरच कळते. बाहेरचा पुरवठा बंद झाला की त्यातील इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, आपोआप थांबते. भर दुपारी बारा वाजता पॅनेल उन्हात तळपत असले, तरी घरातला पंखा फिरत नाही. हा दोष नसून मुद्दाम केलेली सुरक्षेची सोय आहे, कारण पुरवठा तोडून खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या अंगावर एखाद्या घराच्या छतावरून वीज जाऊ नये. लाइट गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर (जाळे आणि बॅटरी दोन्हींशी जोडता येणारे) आणि बॅटरी लागते. मात्र बिलाच्या बचतीसाठी बॅटरीची सहसा गरज नसते. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जादा झालेले युनिट जाळ्यात जातात आणि रात्रीच्या वापरातून वजा होतात. त्या महिन्यात उरलेले पुढच्या महिन्यात ओढले जातात आणि हा हिशेब आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे ३१ मार्चला मिटवला जातो. ज्या घरी नेट मीटर आहे, त्या घरी साठवणुकीचे काम वितरण कंपनीचे जाळेच करते. त्यामुळे बॅटरीचा खर्च बिलातील बचतीतून फिटेल, या हिशेबावर ती घेऊ नये. पावसाळ्यात कोकणात किंवा ग्रामीण फीडरवर तासन्‌तास लाइट जात असेल, घरी आजारी माणूस असेल किंवा कामच इंटरनेटवर अवलंबून असेल, तर ती सोयीसाठी जरूर घ्यावी आणि तो सोयीचा खर्च आहे हे धरूनच घ्यावी.

म्हणूनच कोटेशन मागताना पॅनेल, इन्व्हर्टर, उभारणीचा सांगाडा, वायरिंग व अर्थिंग, नेट मीटरचा खर्च आणि बॅटरी यांच्या रकमा वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्याव्यात. ‘तीन किलोवॅट, बॅटरीसह, सबसिडी वजा जाता’ अशा एका ओळीच्या दरपत्रकातून काहीच तपासता येत नाही. जीएसटीच्या दृष्टीनेही हे वेगळेपण महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर बॅटरीवर तो १८ टक्के आहे. संपूर्ण रकमेवर एकाच दराने कर लावला असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

दरपत्रकात आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते. अनुदानासाठी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. बॅटरीवर पैसे जास्त गेल्यामुळे काही वेळा हायब्रिड इन्व्हर्टर लहान घेतले जाते. समजा, पॅनेल ३.२ किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर २.५ किलोवॅटचे असेल, तर हिशेब २.५ किलोवॅटचाच होतो आणि ७८,००० रुपये पूर्ण मिळत नाहीत. शिवाय पॅनेल ‘डीसीआर’ प्रकारचे, म्हणजे ज्याचे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले आहेत असेच असावे लागते. डीसीआर नसलेले पॅनेल स्वस्त पडते, पण त्यावर अनुदान मिळत नाही.

बॅटरी किती मोठी घ्यावी, हे घरातील उपकरणांवरून काढावे. दोन साधे पंखे (सुमारे १५० वॅट), नऊ वॅटचे चार एलईडी दिवे, राउटर आणि एक टीव्ही असा भार साधारण २८० वॅटचा होतो. तो चार तास चालवायचा, तर १.१ युनिट वीज लागते. ४८ व्होल्ट ५० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सुमारे २.४ युनिट साठवते, म्हणजे तेवढ्यावर भागते आणि फ्रीजलाही थोडी जागा उरते. घरोघरी दिसणारी १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची शिसे-आम्ल बॅटरी कागदावर १.८ युनिटची असली, तरी ती निम्म्याखाली रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे तिच्यातून ०.९ युनिटच धरावे. एसी, गिझर आणि पाण्याची मोटर बॅकअपवर घेण्याचा आग्रह सोडला, तर निम्म्या घरांचा बॅटरीचा खर्च निम्म्यावर येईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पात्रता. अर्जदार भारतीय नागरिक असावा, त्याच्याकडे पॅनेल बसवता येईल असे छत असलेले स्वतःचे घर असावे, त्या घराला चालू घरगुती वीजजोडणी असावी आणि त्या घराने सौर पॅनेलसाठी दुसरे अनुदान घेतलेले नसावे. प्रत्यक्षात अर्ज अडतात ते या अटींवर नव्हे, तर नावावर. आपल्याकडे घर मुलाच्या नावावर, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक तिघा भावांच्या नावावर आणि वीजबिल मात्र दिवंगत आजोबांच्या नावाने येते, हे चित्र दुर्मीळ नाही. योजनेत वीजबिलावरील नाव, ओळखपत्रावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळणे आवश्यक असते, कारण अनुदान थेट अर्जदाराच्या खात्यात जमा होते. त्यामुळे आधी वितरण कंपनीकडे वीजजोडणीच्या नावात बदल करून घ्यावा आणि नवीन नावाचे बिल हाती आल्यावरच पुढचा अर्ज भरावा. छत सामाईक असेल, तर सहहिस्सेदारांचे ना-हरकत पत्र आधीच घेतलेले बरे. पॅनेल पंचवीस वर्षे तिथे राहणार असतात.

कागदपत्रे फार नाहीत. अलीकडचे वीजबिल, आधार किंवा अन्य ओळखपत्र, घराच्या मालकीचा पुरावा, छताचे छायाचित्र आणि रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकचे पहिले पान एवढी तयारी ठेवावी. धनादेशावर खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड स्पष्ट वाचता यायला हवा. अंधुक छायाचित्रामुळे परत आलेले अर्ज कमी नाहीत. कर्ज घ्यायचे असल्यास पॅन व बँक मागेल ती कागदपत्रे लागतील.

अर्ज ‘पीएमसूर्यघर डॉट गव्ह डॉट इन’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर करायचा असतो. मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी वापरून नोंदणी होते, त्यानंतर राज्य, जिल्हा, वितरण कंपनी आणि ग्राहक क्रमांक भरावा लागतो. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असून तो बिलाच्या वरच्या भागातच छापलेला असतो. मुंबईकरांनी मात्र आपली कंपनी महावितरण, अदानी, टाटा पॉवर की बेस्ट, हे बिलावर पाहूनच निवडावे. नोंदणीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक स्वतःचाच असावा. पुरवठादाराचा क्रमांक दिला, तर ओटीपी आणि पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि अर्ज कुठे अडला आहे, हे ग्राहकाला कळतच नाही. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना २०२४ च्या सुधारित वीज ग्राहक हक्क नियमांनुसार तांत्रिक व्यवहार्यता तपासणी न करताच मान्यता मिळते आणि मंजूर भार (वीजजोडणीला मंजूर केलेली कमाल क्षमता) कमी असल्यास तो वाढवण्याचे कामही वितरण कंपनीनेच करायचे असते. त्यानंतर संकेतस्थळावरील नोंदणीकृत पुरवठादारांमधून एकाची निवड करून त्याच्याशी करार करायचा असतो. या करारात पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर असते. बॅटरीची हमी मात्र तिच्या उत्पादकाची असते, म्हणून तिचे हमीपत्र, अनुक्रमांक आणि बिल वेगळे मागून घ्यावे.

बॅटरीसह संयंत्र बसवताना महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या छतावरील सौरविषयक २०१९ च्या विनियमांतील एक तरतूद लक्षात ठेवावी. बाहेरचा पुरवठा नसताना बॅटरीतील वीज जाळ्यात जाऊ नये, यासाठी बॅकअपचे वायरिंग स्वतंत्र असावे लागते आणि पुरवठा तोडण्यासाठी स्वयंचलित तसेच हाताने चालवता येणारा, असे दोन्ही प्रकारचे स्विच लागतात. हे काम कामाच्या शेवटच्या दिवशी आठवले, तर भिंत पुन्हा फोडावी लागते. घरातील कोणते पॉइंट बॅकअपवर घ्यायचे, हे म्हणूनच करारापूर्वी कागदावर उतरवून त्यावर पुरवठादाराची सही घ्यावी.

काम पूर्ण झाल्यावर पुरवठादार पॅनेलचे अनुक्रमांक, डीसीआर प्रमाणपत्र आणि छायाचित्रे संकेतस्थळावर चढवतो, वितरण कंपनी तपासणी करून नेट मीटर बसवते आणि संयंत्र कार्यान्वित झाल्याची नोंद होते. यानंतरच ग्राहकाने बँकेचा तपशील भरून अनुदानाची मागणी नोंदवायची असते आणि रक्कम साधारण तीस दिवसांत खात्यात येणे अपेक्षित असते. याचा अर्थ पुरवठादाराला आधी पूर्ण किंमत द्यावी लागते. पूर्ण पैसे हाताशी नसतील, तर तीन किलोवॅटपर्यंतच्या संयंत्रासाठी बँका तारणाविना दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराहून अर्धा टक्का अधिक ठेवण्याचे योजनेचे सूत्र आहे. बॅटरीची किंमत त्या कर्जात धरली जाईल की नाही, हे शाखेत दरपत्रक दाखवून आधीच लेखी विचारावे.

महिन्याला १०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची पूरक योजना आणली आहे. तिच्यात एक किलोवॅटच्या संयंत्रासाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना राज्याचे १७,५००, अनुसूचित जाती-जमातींतील ग्राहकांना १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला त्यामुळे पदरचे केवळ २,५०० रुपये घालावे लागतात. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे आणि वाहन चार्जिंगसारख्या सामाईक सोयींसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, ज्याची मर्यादा प्रतिघर तीन किलोवॅट या हिशेबाने एकूण ५०० किलोवॅटची आहे. लिफ्टच्या बॅकअपसाठी बॅटरी घ्यायची झाल्यास तिचा खर्च येथेही संस्थेलाच करावा लागतो.

ज्यांना आज बॅटरीचा खर्च झेपत नाही, पण पुढे ती घ्यायची इच्छा आहे, त्यांनी सुरुवातीलाच हायब्रिड इन्व्हर्टर बसवून बॅटरीची जागा मोकळी ठेवणे हा चांगला मार्ग आहे. त्या वेळी त्याच्याशी जुळणाऱ्या बॅटरींची यादी उत्पादकाकडून घ्यावी, कारण प्रत्येक लिथियम बॅटरी प्रत्येक इन्व्हर्टरशी बोलत नाही. साधे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बसवून नंतर बदलायचे ठरवले, तर पहिल्या इन्व्हर्टरचे पैसे वाया जातात आणि मंजूर झालेल्या संयंत्रात बदल होत असल्याने वितरण कंपनीला तसे लेखी कळवून पोच घ्यावी लागते. अर्जाविषयीच्या अडचणींसाठी योजनेचा १५५५५ हा मदत क्रमांक आहे; नेट मीटर किंवा बिलातील युनिटांच्या हिशेबाबद्दलची तक्रार मात्र आधी वितरण कंपनीच्या कार्यालयात आणि तिथे दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे करायची असते.