समान पैसा आणि पुरेसा पैसा: अमेरिकेतल्या सरकारी शाळांचे दोन वेगळे प्रश्न

अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या पैशाबद्दल वाचायला लागलं की दोन मागण्या सारख्या समोर येतात, एक म्हणजे सगळ्या शाळांना समान पैसा द्या आणि दुसरी म्हणजे सगळ्या शाळांना पुरेसा पैसा द्या, आणि बहुतेक जण या दोन्ही एकच समजून बोलतात. मीसुद्धा बराच काळ तसंच समजत होते. पण कोर्टात या दोन वेगळ्या केसेस आहेत, आणि राज्यांच्या विधिमंडळात तर दोन्हींवरून होणारी भांडणंच वेगळी असतात.

आधी पैसा येतो कुठून ते बघू. तिथे शाळा चालवतात स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा सांभाळणारी स्थानिक संस्था, आणि त्यांचा मोठा आधार असतो स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स. त्यात राज्य सरकार आपला वाटा घालतं, केंद्राचा वाटा साधारण दहावा हिस्सा. आता ज्या भागात घरं महाग तिथे कमी दराने कर लावला तरी भरपूर जमतं, आणि गरीब वस्तीत लोकांनी जास्त दराने भरला तरी हातात फारसं काही येत नाही. टेक्सासच्या सॅन अँटोनियोमधले 1967-68 चे आकडे मी कधी विसरणार नाही. एजवूड डिस्ट्रिक्टमधले लोक 100 डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर कर भरायचे आणि त्यातून दर मुलामागे स्थानिक पैसा जमायचा 26 डॉलर. त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये दर होता 85 सेंट आणि जमायचे 333 डॉलर! म्हणजे जास्त त्याग करणाऱ्याच्याच मुलाला कमी, हे मला आजही सहन होत नाही.

एजवूडचे पालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1973 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी हरले. देशाच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही, असं बहुमताने सांगितलं. त्यामुळे लढाई राज्यांच्या कोर्टात गेली, कारण राज्यांच्या स्वतःच्या घटनांमध्ये सरकारी शाळा चालवण्याची जबाबदारी राज्यावर स्पष्ट टाकलेली आहे.

तर समान पैशाची केस विचारते, शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या मुलाला जेवढं मिळतं तेवढं माझ्या मुलाला का नाही. यात तुलना दुसऱ्याशी आहे. पुरेशा पैशाच्या केसला शेजाऱ्याशी काही घेणंदेणं नाही, ती विचारते की राज्याच्या घटनेने जे शिक्षण कबूल केलंय ते एवढ्या पैशात देता येतं का, म्हणजे तुलना गरजेशी आहे. ऐकायला फरक बारीक वाटतो पण एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालंच असं अजिबात नाही.

कॅलिफोर्निया घ्या. 1971 मध्ये तिथल्या कोर्टाने प्रॉपर्टी टॅक्सवर उभी असलेली पद्धत चूक ठरवली, बेव्हर्ली हिल्समध्ये दर मुलामागे 1,232 डॉलर खर्च होत होते आणि बाल्डविन पार्कमध्ये 577. नंतर फरक खूप कमी झाला. पण 1978 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 13 हा थेट मतदानाला आलेला प्रस्ताव पास करून प्रॉपर्टी टॅक्सला मालमत्तेच्या किमतीच्या 1 टक्क्याची मर्यादा घातली, आणि एकेकाळी खर्चात देशाच्या सरासरीच्या वर असलेलं राज्य पुढे सरासरीच्या खाली गेलं. यात कोर्टाच्या निकालाचा हात किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण डिस्ट्रिक्ट एकमेकांच्या जवळ आले आणि सगळेच मिळून खाली सरकले हे तर दिसतंच.

उलटं उदाहरण नॉर्थ कॅरोलिनाचं. 1994 मध्ये पाच गरीब काउंटींमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) डिस्ट्रिक्टनी आणि पालकांनी केस केली, 1997 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक मुलाला चांगल्या मूलभूत शिक्षणाची संधी मिळायलाच हवी, पण सगळीकडे समान पैसा द्यावा असं घटना म्हणत नाही. म्हणजे दोन मागण्यांपैकी एक मान्य, एक अमान्य, एकाच निकालात.

समान म्हणजे अगदी तेवढेच डॉलर असंही नाही बरं का. गरीब घरातलं मूल, इंग्रजी नव्याने शिकणारं मूल, अपंगत्व असलेलं मूल, यांना शिकवायला जास्त खर्च येतो म्हणून बऱ्याच राज्यांच्या फॉर्म्युल्यात त्यांच्यासाठी जादा रक्कम धरतात. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या आणि फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे सरकारने दुसऱ्यांकडे सांभाळायला दिलेल्या मुलांमागे 20 टक्के जादा धरले.

आता विधिमंडळ, कारण शेवटी पैसा देतात आमदार, कोर्ट फक्त सांगू शकतं. समान पैशाचं विधेयक आलं की कोणाचं तरी कमी होणार हे उघड असतं, त्यामुळे प्रत्येक आमदार आधी तक्ता मागतो की माझ्या डिस्ट्रिक्टला किती, आणि श्रीमंत उपनगरांचे आमदार पक्ष कोणताही असो एकत्र येतात. टेक्सासने 1993 मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही पैसा राज्यभर वाटायचा कायदा केला, त्याला लोक रॉबिन हूड म्हणतात आणि तो राग अजून गेलेला नाही. म्हणून मग तडजोड होते, आत्ता मिळतंय त्यापेक्षा कोणालाच कमी होणार नाही अशी हमी कायद्यात घालतात आणि फरक भरून निघायला वर्षानुवर्षं लागतात.

पुरेशा पैशाला मत देणं आमदारांना तसं सोपं जातं कारण कोणाकडून काढून घ्यायचं नसतं. पण एकूण रक्कम वाढते आणि मग कर वाढवावा लागतो. केंटकीमध्ये 66 गरीब डिस्ट्रिक्टनी केस केली होती, कोर्टाने 1989 मध्ये राज्याची सगळी शाळा व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली आणि आमदारांनी 1990 मध्ये नवी व्यवस्था उभी करताना सेल्स टॅक्स 5 वरून 6 टक्के केला. मला यातलं सगळ्यात धाडसाचं काम हेच वाटतं. न्यू जर्सीत मात्र कोर्टाने सांगूनही आमदार हलेचनात तेव्हा कोर्टाने 1 जुलै 1976 पासून शाळांवर खर्च करायलाच मनाई केली, काही दिवस शाळा बंद पडल्या, तेव्हा कुठे राज्याचा इन्कम टॅक्स पास झाला. पुढे 1990 मध्ये गव्हर्नर जिम फ्लोरियो यांनी मोठी करवाढ केली, त्यातला बराच पैसा शाळांसाठी होता, आणि 1991 ला त्यांच्या पक्षाने दोन्ही सभागृहं गमावली, 1993 ला ते स्वतःही हरले.

दोन्ही प्रश्न एकमेकांत कसे अडकतात ते वॉशिंग्टन राज्यात दिसतं. तिथे 2012 मध्ये कोर्टाने निधी अपुरा ठरवला, 2014 मध्ये विधिमंडळाला अवमानाबद्दल दोषी धरलं, 2015 पासून दिवसाला 1 लाख डॉलर दंड लावला. 2017 मध्ये आमदारांनी राज्याचा प्रॉपर्टी टॅक्स वाढवला आणि त्याच वेळी स्थानिक करावर कडक मर्यादा घातली, म्हणजे पैसाही वाढेल आणि श्रीमंत डिस्ट्रिक्ट फार पुढेही जाणार नाहीत. 2018 मध्ये कोर्टाने केस संपली म्हणून सांगितलं. आणि 2019 मध्ये आमदारांनी ती स्थानिक मर्यादा पुन्हा सैल केली, त्यामुळे जिथली घरं महाग तिथल्या शाळांना परत जास्त गोळा करता येऊ लागलं.