पंचायतन पूजा

पंचायतन पूजा : शिव, विष्णू, देवी, सूर्य व गणपती या पाच देवतांची एकत्र केली जाणारी, स्मार्त (स्मृतिग्रंथांना प्रमाण मानणाऱ्या) परंपरेतील नित्यपूजा. इष्टदेवता मध्यभागी व इतर चार उपदिशांना मांडतात. मधल्या देवतेवरून शिवपंचायतन, गणेशपंचायतन अशी नावे पडतात. विष्णुपंचायतनात ईशान्येस शिव, आग्नेयेस गणपती, नैर्ऋत्येस सूर्य व वायव्येस देवी असते.

आद्य शंकराचार्य हे या पूजेचे प्रवर्तक, अशी सांप्रदायिक धारणा आहे. त्यांचा काळ परंपरेने इ.स. ७८८–८२० मानतात, बऱ्याच अभ्यासकांचा कल आता आठव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे आहे. यांपैकी कोणताही काळ घेतला, तरी देवगढचे (उत्तर प्रदेश) दशावतार मंदिर त्याआधीचे, सामान्यतः सहाव्या शतकातील ठरते आणि त्याच्या जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर उपमंदिरांचे अवशेष आहेत. त्यावरून पूजाही तितकीच जुनी म्हणणे मात्र घाईचे होईल. वास्तुशास्त्रात पंचायतन म्हणजे मुख्य मंदिर व चार उपमंदिरे अशी रचना, खजुराहोचे लक्ष्मण मंदिर (इ.स. ९५४) तसेच आहे. उपमंदिरांत याच चार देवता असतील असे नाही. शंकराचार्यांच्या निर्विवाद मानलेल्या भाष्यांतही या पूजेचा विधी येत नाही. तेव्हा स्मार्त गृहस्थांत ती हळूहळू रूढ झाली व पुढे शांकर परंपरेने तिला प्रतिष्ठा दिली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मूर्तींऐवजी बहुधा पाषाण पूजतात : नर्मदेतील बाण (शिव), गंडकीतील शाळिग्राम (विष्णू), शोण नदीतील तांबडा शोणभद्र (गणपती), स्फटिक (सूर्य) व धातूची झाक असलेला पाषाण (देवी). शाळिग्राम व बाण यांची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही; त्यांत देवतेचे सान्निध्य स्वतःसिद्ध मानतात. प्रवास, सोयर अशा अडचणींतून वाट काढणाऱ्या गृहस्थाला ही मोठीच सोय होती. पाचही देव एका ताम्हनात मावतात. उपचार मात्र सरसकट नाहीत. विष्णूला अक्षता, गणपतीला तुळस, देवीला दूर्वा व सूर्याला बेल वर्ज्य आहे.

महाराष्ट्रात पुण्याच्या पर्वतीवरील देवदेवेश्वर हे पेशवेकालीन शिवपंचायतन प्रसिद्ध आहे. घरोघरच्या देवघरांत पंचायतनाशेजारीच कुलदैवताचे टाक, अन्नपूर्णा व बाळकृष्ण असतात. त्यांची गणना या पाचांत होत नाही.