तापल्यावर रबर वाढतं की आखडतं?

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये ओ-रिंगचा, म्हणजे तेल गळू नये म्हणून सांध्यात बसवायच्या रबरी कड्याचा, विषय निघाला की दोन उलट उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं तापल्यावर रबर फुगतं, कुणी म्हणतं आवळतं. दोघंही बरोबर आहेत. रबर सैल आहे की ताणलेलं, हे आधी विचारायला हवं.

सैल रबर इतर पदार्थांसारखंच वागतं, फक्त जास्त जोमाने. नैसर्गिक रबराची १०० मिमी कांडी ३० अंशांनी तापली की सुमारे ०.६६ मिमी वाढते, पोलादाची ०.०४ मिमीसुद्धा नाही. पुण्यातली जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत साधारण एवढंच अंतर असतं. त्यामुळे थंडीत रबरी सील ते बसवलेल्या धातूच्या खाचेपेक्षा जास्त आकसतं, त्यावरचा दाब उतरतो आणि तेल पाझरू लागतं.

ताणलेल्या रबराचा उलटा स्वभाव प्रथम टिपला इंग्लंडमधल्या जॉन गॉफ यांनी, १८०२ च्या सुमारास. लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली होती. रबराची पट्टी ओठांना लावून ते झटकन ताणत. पट्टी गरम लागे. सैल सोडली की गार. वजन टांगून ताणलेली पट्टी तापवली तर आखूड होते, हेही त्यांनीच नोंदवलं. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत टणक व्हायचं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली आणि भरवशाचं रबर हाती आलं. त्यावर जेम्स जूल यांनी काटेकोर मोजमाप करून १८५९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. कारण उलगडायला मात्र १९३० चं दशक उजाडलं: रबराचे लांबच लांब रेणू मुळात गुंतलेले असतात, ताणल्यावर सरळ होतात, आणि उष्णतेने त्यांची वळवळ वाढली की पुन्हा गुंत्याकडे ओढ घेतात.

घरी पडताळायचं तर रबरबँडला दुप्पट लांब होईल इतकं वजन टांगा. दहा मिनिटं तसंच राहू द्या, कारण नवं रबर सुरुवातीला आपसूक लांबत राहतं आणि फसवतं. मग हेअर ड्रायरने तापवा. वजन वर सरकताना दिसेल. ताण दहा टक्क्यांहून कमी असेल तर साधं प्रसरण वरचढ ठरतं आणि काहीच हाती लागत नाही.

यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, बसवलेल्या ओ-रिंगचा हाच गुण घात करतो. घट्ट बसावी म्हणून लहान मापाची रिंग ताणून चढवली की घर्षणाने ती तापते, आखडते, शाफ्टला आणखी आवळते, त्यामुळे अजून तापते आणि थोड्याच वेळात करपते. त्यावर उपाय म्हणजे रिंगचा आतला व्यास शाफ्टपेक्षा २ ते ५ टक्के मोठा घेणं आणि खाचेचा बाहेरचा व्यास रिंगपेक्षा लहान ठेवून तिला परिघावर दाबून बसवणं. रिंग ताणलेलीच नसली की आवळायचं कारण उरत नाही.