पाटा वाढवला, म्हणजे नेमकं काय वाढलं?

जुना नाकवाला ट्रक कुणी हौसेनं विकत घेतला, डेंटिंग-पेंटिंग उरकलं, हौद्याला नवं लाकूड लागलं, की गाडी सोलापूरच्या हैदराबाद रोडवर पाट्याच्या (गाडी पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) दुकानासमोर उभी राहते. तिथला सल्ला ठरलेला: “दोन पाटे वाढवू की ओ मालक, गाडी लोखंड होतीय.” मालक खूश, मिस्त्री खूश. बोरामणी यायच्या आत केबिनमधल्या माणसाला पाठीत मणके किती ते मोजता येतं. मग दुसरा सल्लागार भेटतो. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो आणि त्याला सगळे पाटे काढून हवेचे बलून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगा, बसवायचे असतात. दोघांचंही निदान चुकतं, कारण दोघांनीही पहिला प्रश्न विचारलेला नसतो: या गाडीवर आता वजन किती पडणार आहे?

सोलापूरकरानं जुन्या ट्रकांचं वेड बाळगावं याला कारण आहे. उद्योगपती वालचंद हिराचंद इथेच जन्मले, १८८२ साली. त्यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गोचे ट्रक बाहेर पडले. तिकडे जमशेदपूरला टेल्कोनं (आजची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला, म्हणून १९६९ पर्यंतच्या टाटांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा दिसतो. या सगळ्यांच्या पोटाखाली मात्र एकच रचना: पोलादी पाट्यांची चळत, मध्ये सेंटर बोल्ट, चळत धुरीला (ॲक्सलला) आवळणारे दोन यू-बोल्ट, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला शॅकल, म्हणजे झुलणारी कडी.

ही चळत ऊस, कांदा, सिमेंट अशा भरतीसाठी बेतलेली होती. हौसेच्या गाडीत आता फार तर गड्ड्याच्या यात्रेला निघालेली पोरं बसणार. इथेच गणित बिघडतं, आणि ते गणित शाळेतलं आहे. स्प्रिंगवर वजन ठेवल्यावर ती किती दबली, एवढ्या एका आकड्यावरून ती सेकंदाला किती हेलकावे घेईल ते सांगता येतं. दबलेल्या सेंटिमीटरांचं वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. (गुरुत्वीय त्वरणाचं वर्गमूळ भागिले दोन पट पाय, यातून तो ५ येतो, नेमका ४.९८.) समजा भरल्या गाडीत मागच्या दोन्ही चळतींवर मिळून ६ टन आहेत आणि पाटे ९ सेंमी दबले आहेत. वर्गमूळ ३, म्हणजे सेकंदाला साधारण १.७ हेलकावे. चालताना आपलं शरीर सेकंदाला दोनेकदा वरखाली होतच असतं, त्यामुळे हे अंगवळणी पडलेलं आहे. आता गाडी रिकामी केली. पाट्यांवर दीड टन उरलं, दबणं सव्वादोन सेंमीवर आलं, हेलकावे झाले ३.३. माणसाला खालून वर येणारी कंपनं सर्वांत जास्त जाचतात ती सेकंदाला ४ ते ८ या टापूत. म्हणजे रिकामी गाडी आधीच त्या टापूच्या वेशीवर उभी आहे. दहा पाट्यांच्या चळतीत तेवढ्याच जाडीचे दोन पाटे घाला, कडकपणा वीस टक्के वाढतो आणि हेलकावे ३.७ होतात. मिस्त्रीनं गाडी लोखंड केली हे अक्षरशः खरं आहे.

यात आपला रस्ताही हात धुऊन घेतो. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. ५ मीटरच्या अशा लाटांवरून ताशी ६० किलोमीटरनं गेलात तर सेकंदाला ३.३ धक्के बसतात. बरोबर रिकाम्या गाडीचाच आकडा! झोका ज्या लयीत जातो त्याच लयीत ढकलला तर वाढत जातो, त्याला शास्त्रात अनुस्पंदन म्हणतात. वेग चाळीसवर आणला की धक्के २.२ वर येतात आणि गाडी शांत होते. जुने ड्रायव्हर अमुक पट्ट्यात वेग आपोआप उतरवतात ते यासाठीच.

आणखी एक गैरसमज जाता जाता. ‘भारी पोलादाचा पाटा जास्त कडक’ असं दुकानात सांगतात. पोलाद साधं असो की महागडं, त्याचा लवचीकतेचा गुणांक जवळजवळ सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. भारी पोलाद जास्त वाकवलं तरी तुटत नाही, एवढाच त्याचा फायदा. कडकपणा ठरतो तो मापांवर, आणि जाडीचा तर घन लागतो: जाडी दहा टक्के वाढली की कडकपणा तेहतीस टक्के.

आता माझ्या आवडीचा भाग, घर्षण. पत्त्यांचा कॅट घ्या आणि मधून वाकवा. पत्ते एकमेकांवरून सरकतात, कडा तिरक्या होतात, कॅट सहज वाकतो. आता कडा घट्ट चिमटीत धरून वाकवा. तोच कॅट पुठ्ठ्यासारखा होतो. पाट्यांच्या चळतीचं हेच चालतं. गाडी दबताना प्रत्येक पाटा खालच्यावरून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो आणि घासतो. या घासण्यात उसळीची ऊर्जा उष्णता बनून जाते. कित्येक जुन्या ट्रकांना मागे शॉकअप (उसळी विझवणारे शॉक ॲब्सॉर्बर) नसायचे, आणि तरी ते चेंडूसारखे उड्या मारत सुटत नव्हते. चळत स्वतःच स्प्रिंग होती आणि स्वतःच शॉकअपही.

पण हा शॉकअप वाईट स्वभावाचा आहे. कोरडं घर्षण वेग बघत नाही. पाटा हळू सरको की झपकन, विरोध तेवढाच. शिवाय सरकणं सुरू होण्याआधी एक उंबरठा ओलांडावा लागतो. धक्का त्या उंबरठ्याहून लहान असेल तर चळत हलतच नाही, तेवढ्यापुरता तो पोलादाचा ठोकळा असतो आणि खाली स्प्रिंग म्हणून फक्त टायर उरतात. म्हणजे खडबडीत डांबराची बारीक थरथर जशीच्या तशी वर येते. उलट मोठ्या खड्ड्यात उसळी जबरदस्त असते तेव्हा हेच घर्षण तोकडं पडतं. जिथे नको तिथे भरपूर, हवं तिथे अपुरं. तेलाच्या शॉकअपचं याच्या उलट: तेल बारीक छिद्रातून ढकलावं लागतं, त्यामुळे वेग वाढेल तसा विरोध वाढतो. उसळी विझण्याची तऱ्हाही वेगळी. कोरड्या घर्षणात प्रत्येक हेलकाव्याला ठरावीक सेंटिमीटर कमी होतात, तेलात ठरावीक टक्के.

वॉशिंग सेंटरवर पाट्यांवर जळकं ऑइल फवारतात तेव्हा कुरकुर थांबते आणि गाडी मऊ वाटते. बरोबर आहे, उंबरठा खाली आला. त्याच वेळी चळतीतला शॉकअपही निम्मा गेला, हे मात्र लक्षात येत नाही. शॉकअप मेलेले असताना पाट्यांवर ऑइल फवारलेली गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर बराच वेळ मान डोलावत राहते.

इथे पॅराबोलिक पाटे येतात. पाट्यावरचा वाकवणारा जोर मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य असतो. मग टोकाला तेवढंच जाड पोलाद कशाला? रुंदी कायम ठेवून ताण सगळीकडे सारखा हवा असेल, तर जाडीचा वर्ग टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात हवा, म्हणजे कडेचा आकार पॅराबोला. गॅलिलिओनं हे १६३८ सालीच मांडलं होतं, भिंतीत रोवलेल्या तुळईबद्दल. जुन्या चळतीत पाटे पायरीपायरीनं आखूड करून हेच साधलेलं असतं, फक्त ओबडधोबड. पॅराबोलिकमध्ये दहा-बाराऐवजी दोन-तीन पाटे पुरतात, ते एकमेकांना फक्त मध्यावर आणि टोकांना टेकतात, वजन घटतं आणि घासणं जवळपास संपतं. बारीक थरथर कमी होते ती याच कारणानं. आणि म्हणूनच पॅराबोलिक पाटे घेऊन शॉकअप जुनेच ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जे घर्षण काढून टाकलं, त्याचं काम आता कुणीतरी करायला हवं. खर्चाच्या यादीत चांगले शॉकअप आधी लिहा, पाटे नंतर.

हवेच्या बलूनची गोष्ट याहून सुंदर आहे. थोडं गणित सोसा. बंद हवेचा कडकपणा तिच्या दाबाच्या प्रमाणात असतो, आणि दाब वजनाच्या प्रमाणात. वजन दुप्पट झालं, झडपेनं हवा भरून उंची पूर्वीइतकी केली, की कडकपणाही दुप्पट. वारंवारतेत, म्हणजे सेकंदाच्या हेलकाव्यांच्या हिशेबात, कडकपणा भागिले वजन येतं, तेव्हा दोन्ही एकमेकांना कापतात! उरते फक्त बलूनमधल्या हवेची उंची. ती २५ सेंमी असेल तर त्याला हवेच्या १.४ या गुणांकानं भागा: जणू पाटा कायम १८ सेंमी दबलेला आहे, भरलेल्या गाडीतही आणि रिकाम्यातही. हेलकावे सेकंदाला १.२. (वातावरणाचा दाब आणि बलूनचा बदलता घेर धरला तर आकडा जरा सरकतो.) सांगोल्याचं डाळिंब लांब पाठवायचं तर ही चीज सोन्याची आहे, कारण रिकाम्या-भरल्याचा फरक जवळजवळ मिटतो.

पण व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट अशी की पाटा नुसती स्प्रिंग नसतो. धुरी जागेवर धरून ठेवणं, ब्रेक मारल्यावर तिला पीळ खाऊ न देणं, गाडी पुढे ढकलणारा जोर चेसिसपर्यंत नेणं, ही सगळी कामं तोच करतो. बलूनला यातलं एकही जमत नाही. पाटे काढले की धुरी धरायला वेगळे रॉड लागतात, चेसिसवर नवे ब्रॅकेट लागतात, हवेचे ब्रेक नसतील तर कॉम्प्रेसर लागतो, आणि मग मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समोर येऊन उभं राहतं. मूळ पाटे ठेवून चेसिस आणि धुरीच्या मध्ये मदतीला छोटे बलून बसवणं त्यामानानं सोपं. अधूनमधून माल भरणाऱ्यानं त्याचा विचार करावा. रिकाम्याच फिरणाऱ्या गाडीत मात्र त्यांना कामच नसतं.

पुढच्या शॅकलला लिंबू-मिरची आणि मागे काळी बाहुली, हाही आपल्याकडचा सस्पेंशनचाच भाग समजला जातो. दर शनिवारी लिंबू बदलायला माणूस खाली वाकतो आणि त्याची नजर यू-बोल्टाच्या नटावर पडते, एवढाच त्यातला उपयोग. सैल यू-बोल्टामुळे पाटे मध्यावर हलू लागतात आणि मेन (सर्वांत लांब) पाटा सेंटर बोल्टाच्या भोकातून तुटतो. तिथे ताण आधीच गोळा झालेला असतो. तुटलेल्या पाट्यावर वेल्डिंग करणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

निवड करण्याआधी एक प्रयोग करा, टेपखेरीज काही लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करून धुरीपासून चेसिसपर्यंतची उंची मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरही दबतो. मग बरोबर धुरीच्या वर सिमेंटची २० पोती ठेवा, म्हणजे १ टन, आणि पुन्हा मोजा. असं टनाटनानं चढवत जा. दर टनाला दीड सेंमी दबत असेल तर आपलं वरचं गणित लागू. आता पोती उतरवत तीच मापं परत घ्या. त्याच वजनाला उंची पहिल्यासारखी येणार नाही, गाडी थोडी खालीच राहिलेली दिसेल. ती तफावत म्हणजे घर्षण. समजा १ सेंमी आली, तर तिची निम्मी, अर्धा सेंमी, म्हणजे दीड सेंमीला टन या हिशेबानं सुमारे ३३० किलोंचा उंबरठा. रिकाम्या गाडीच्या दीड टनावर हा पाचवा हिस्सा झाला. एवढ्याखालचा कुठलाही धक्का पाट्यांना हलवत नाही.

तफावत अशी मोठी निघाली तर नवे पाटे लगेच घेऊ नका. चळत सोडवून गंज घासून काढा, पाट्यांच्या टोकांना ग्रीस लावा, बुश बदला, दोन्ही बाजूंना नवे शॉकअप बसवा आणि पुन्हा मोजा. गाडी कायम रिकामीच फिरणार असेल आणि हेल्पर पाटा (जास्त भरतीलाच कामाला येणारा जादा पाटा) असेल, तर तो आधी उतरवता येतो. मेन पाटा आणि त्याखालचा दुसरा यांना मात्र हात लावू नका, धुरी त्यांच्याच भरवशावर आहे. एवढं करूनही रिकाम्या गाडीचं दबणं दोन-अडीच सेंमीतच अडकलं, तर मग पॅराबोलिकची चौकशी करा. दुकानदाराला पाट्यांची संख्या विचारू नका, एका टनाला किती सेंमी दबतात ते विचारा. नवे पाटे बसल्यावर काही शे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, गाडीवर वजन असताना.